विखुरलेले टॉक एका पत्त्यावर आणताना

मीटअप आणि कॉन्फरन्स भरवणारा गट काही वर्षं टिकला की त्याच्याकडे ठरावीक पसारा साठतो. रेकॉर्डिंग तीन वेगवेगळ्या चॅनेलवर, स्लाइड वक्त्यांच्या स्वतःच्या ड्राइव्हवर, जुन्या कार्यक्रमपत्रिका तिकिटांच्या कुठल्यातरी पानावर, आणि पुढचा मीटअप कधी हे फक्त चॅटवर. आमच्या गटाचे ४०० च्या आसपास टॉक असे विखुरले होते. ते आणि पुढचे कार्यक्रम एका पत्त्यावर आणायचं काम तिघांनी मिळून, सुट्टीचे दिवस आणि रात्रीचे तास काढून, १८ आठवड्यांत पुरं केलं. हेच काम करायला बसणाऱ्यांना वाटेतले खड्डे आधी दिसावेत, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतो आहोत.

पहिला आठवडा आधीची उदाहरणं बघण्यात गेला. कॉन्फरन्स आणि टॉक यांची लॅनिर्ड नावाची एक उत्तम निर्देशिका २०१० साली सुरू झाली होती. २०१३ साली इव्हेंटब्राइट या तिकीटविक्रीच्या कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे ती बंद झाली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या टॉकचं संकेतस्थळ पायव्हिडिओ २०१६ साली बंद होण्याच्या बेतात होतं. नवे स्वयंसेवक पुढे आले, नोंदी जेसॉन या साध्या मजकुराच्या फाइलींत गेल्या आणि जँगो या वेब-चौकटीवरच्या जुन्या प्रणालीच्या जागी पेलिकन या साधनाने आधीच तयार होणारी स्थिर पानं आली. रूबी या भाषेवाल्यांचं रूबीइव्हेंट्सही नोंदी उघड्या रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात) यामल नावाच्या साध्या मजकूर-फाइलींमध्ये ठेवतं. हे पाहून एक गोष्ट लगेच पक्की केली: नोंदी साइटपासून वेगळ्या ठेवायच्या. उद्या साइटचा सगळा कोड फेकून द्यावा लागला तरी नोंदींची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून कुणालाही वाचता आली पाहिजे. म्हणून नोंदी यामलमध्ये, प्रत्येक बिल्डला, म्हणजे साइट नव्याने तयार करताना, त्यातून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल, तिच्यातून स्थिर पानं, आणि शोधासाठी तीच फाइल फक्त वाचणारा एक छोटा प्रोग्रॅम, एवढीच रचना ठरली.

डोमेन घेणं दहा मिनिटांचं काम वाटतं. घाईत ते एका सदस्याच्या खासगी खात्यावर घेतलं गेलं आणि तिथेच अडकलं. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या डोमेनना आयकॅन या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचे नियम लागू होतात. नोंदणीनंतर १५ दिवसांत मालकाचा ईमेल पडताळला नाही तर रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, ते थांबवावं लागतं, आणि नव्या नोंदणीनंतर ६० दिवस ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. ते गटाच्या खात्यावर आणायला आम्हाला पुरे दोन महिने थांबावं लागलं, तोवर पासवर्ड एकाच माणसाकडे. म्हणून आधी गटाचा सामाईक ईमेल काढा, मग डोमेन घ्या. आणि तो ईमेल त्याच डोमेनवर ठेवू नका. नूतनीकरण चुकून राहिलं तर डोमेनबरोबर मेलही बंद पडतो आणि आठवण करून देणारं पत्र कुणालाच मिळत नाही.

वक्त्यांना पत्रं पाठवायलाही दुसऱ्याच आठवड्यात सुरुवात केली. हे शक्य तितक्या लवकर करा, कारण सगळ्यात लांब वाट याचीच बघावी लागते. पत्रात चार प्रश्न होते: नाव कसं लिहायचं, कोणता दुवा द्यायचा, स्लाइडची प्रत आमच्याकडे ठेवली तर चालेल का, आणि कोणत्या परवान्याखाली. चौथ्या प्रश्नावर गाडी अडली. परवान्याचं नाव वाचलं की माणूस ‘नंतर सवडीने बघू’ म्हणून पत्र बाजूला ठेवतो, आणि सोप्या तीन प्रश्नांची उत्तरंही त्याबरोबर राहतात. पाच आठवड्यांनी पत्र बदललं. पहिले तीन प्रश्न एकदा, आणि परवाना वेगळ्या पत्रात, साध्या भाषेतल्या दोन पर्यायांनी: ‘नाव देऊन कुणीही वापरावं’ किंवा ‘फक्त इथे दाखवावं’. त्यानंतर उत्तरं भराभर आली. यूट्यूबवर व्हिडिओ उघडा आहे म्हणजे त्याची प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवायची मुभा आहे, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. तिथे नेहमीचा परवाना आणि सीसी बाय (नाव देऊन कुणीही वापरावं असा) हे दोन पर्याय असतात, आणि वेगळं काही निवडलं नसेल तर पहिलाच लागू होतो. त्यामुळे व्हिडिओ तिथेच राहू दिले, फक्त आपल्या पानावर दाखवले. स्लाइड लेखी होकार आल्यावरच घेतल्या.

तिसऱ्या आठवड्यात नोंदींचा आराखडा मांडला. एक टॉक म्हणजे एक व्हिडिओ, असं गृहीत धरलं होतं. ते दोन दिवसांत मोडलं. लाइटनिंग टॉकचं, म्हणजे एकामागोमाग होणाऱ्या अगदी छोट्या टॉकचं, तासाभराचं रेकॉर्डिंग एकच, वक्ते अकरा. परिसंवादात व्हिडिओ एक आणि बोलणारे पाच. तोच टॉक तीन ठिकाणी दिलेला. कुठे माइक बंद होता म्हणून रेकॉर्डिंगच नाही. शेवटी पाच वेगळ्या गोष्टी ठरल्या: मालिका, कार्यक्रम, टॉक, वक्ता आणि रेकॉर्डिंग. टॉक रेकॉर्डिंगकडे बोट दाखवतो, सोबत सुरू आणि संपण्याचा सेकंद. रेकॉर्डिंगला स्थिती असते: प्रसिद्ध, यायचं आहे, झालंच नाही, काढून टाकलं. यातली ‘झालंच नाही’ ही स्थिती वगळण्याचा मोह आवरा. ती नसली की दर काही महिन्यांनी कुणीतरी तोच हरवलेला व्हिडिओ शोधण्यात संध्याकाळ घालवतो.

टॉकची ओळख म्हणून यूट्यूबचा ११ अक्षरांचा क्रमांक वापरू नका. आवाज सुधारून व्हिडिओ पुन्हा चढवला की क्रमांक बदलतो आणि आपले सगळे जुने दुवे तुटतात. ओळख आपली स्वतःची, एकदा दिली की कायमची. तारखेबाबतही तेच. जुन्या मीटअपचा नुसता महिना माहीत असेल तर नुसता महिनाच लिहा. १ तारीख भरून टाकली की वर्षभराने ती खरीच वाटू लागते.

मग यामलने धडे दिले. यामल १.१ पाळणाऱ्या वाचक प्रोग्रॅमला, पायथनमधला नेहमीचाही त्यातलाच, अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं १०:३० दिसलं की तो त्याला साठच्या पटीतला आकडा समजतो आणि ६३० देतो. गंमत म्हणजे ०९:३० शून्याने सुरू होत असल्यामुळे तसंच राहतं. त्यामुळे सकाळचं पहिलं सत्र बरोबर आणि पुढची सगळी चूक, असं वेळापत्रक तयार होतं आणि चूक लवकर ध्यानातच येत नाही. भाषेची आवृत्ती ३.१० लिहिली तर ३.१ होते. ‘नो’ हा शब्द थेट ‘असत्य’ होतो. शीर्षकात कोलन (:) आणि त्यापुढे जागा आली, किंवा ॲट चिन्हाने सुरू होणारं सोशल खात्याचं नाव आलं, तर फाइल वाचलीच जात नाही. उपाय एकच: प्रत्येक मजकूर, वेळ आणि आवृत्ती अवतरणचिन्हांत, आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कुणी पाठवलेल्या बदलाला) जेसॉन स्कीमाने, म्हणजे कुठे काय चालेल हे सांगणाऱ्या नियमांनी, तपासणी. तपासणीचा संदेश माणसाला कळेल असा लिहायला आणखी दोन रात्री गेल्या. त्या पूर्ण वसूल झाल्या, कारण नोंदी भरायला पुढे आलेल्या निम्म्या लोकांनी यामल आधी कधी लिहिलेलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात चॅनेलवरची माहिती एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅमने थेट माहिती मागवायच्या सोयीने, आणली. यूट्यूबचा रोजचा कोटा १०,००० युनिटचा. शोधाच्या एका विनंतीला १०० युनिट लागतात, पण चॅनेलच्या ‘अपलोड’ प्लेलिस्टमधून ५० नोंदी आणायला फक्त १. चारशे व्हिडिओंसाठी यादीच्या ८ विनंत्या आणि तपशिलाच्या ८, म्हणजे १६ युनिटांत काम होतं. शोधाने आणले तर खर्च कितीतरी पट, शिवाय सगळे व्हिडिओ येतीलच याची खात्री नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याची तारीख म्हणजे टॉकची तारीख नव्हे. संपादन रेंगाळलं की दोन्हींत सहा-सहा महिन्यांचं अंतर पडतं. आणि एपीआयने दिलेली माहिती ३० दिवसांपेक्षा जास्त साठवायची तर ती ताजी करावी किंवा पुसावी लागते, असा तिथला नियम आहे. म्हणून शीर्षकं आणि गोषवारे आम्ही आमच्याच छापील कार्यक्रमपत्रिकांवरून भरले आणि किती जणांनी पाहिलं तो आकडा ठेवलाच नाही. एका टॉकला सुरुवातीला पंधरा मिनिटं लागत होती. पत्रिकेवरून कच्ची फाइल काढणारी स्क्रिप्ट झाल्यावर चार मिनिटांवर आलं.

सगळ्यात जास्त वेळ, आणि सगळ्यात जास्त काळजी, नावांनी खाल्ली. कुणाचं नाव चुकीचं छापणं हा त्या माणसाचा अपमान आहे, मग कारण कितीही तांत्रिक असो. एकाच वक्त्याची चार रूपं सापडत होती: आद्याक्षरासह, आद्याक्षराशिवाय, लग्नाआधीचं, देवनागरीतलं. नुसत्या साम्यावरून स्क्रिप्टने एकत्र करू नका. आमच्या यादीत एकाच नावाच्या दोन वेगळ्या व्यक्ती होत्या, आणि स्क्रिप्टने एकीचे टॉक दुसरीच्या नावावर टाकले. स्क्रिप्टने फक्त सुचवावं, हो माणसाने म्हणावं. प्रत्येक वक्त्याला एक कायमची ओळख आणि पर्यायी नावांची यादी दिली. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे वळण ठेवणं एरवी चांगलंच, पण कुणी नाव बदललं असेल आणि जुनं दिसू नये अशी इच्छा असेल, तर वळणही काढावं लागतं. पत्त्यात जुनं नाव तसंच राहिलं तर पानावरचं बदलून काय उपयोग?

देवनागरी नावं आणि शीर्षकं आली तेव्हा पानांचे पत्ते बनवणारी लायब्ररी (तयार कोड) कोसळली, तीही काही न बोलता. ती रोमनबाहेरची सगळी अक्षरं गाळत होती. त्यामुळे प्रत्येक देवनागरी शीर्षकाचा पत्ता रिकामा, आणि सगळी पानं एकाच फाइलवर एकावर एक लिहिली जात होती. बिल्ड हिरवं, म्हणजे चूक काहीच नाही, पण पानं कमी. तेव्हापासून बिल्डच्या शेवटी नोंदींची संख्या आणि पानांची संख्या जुळते का, हे तपासणारी एक ओळ आहे.

दुसरा चकवा र्‍याचा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत दोन वेगळे शब्द. युनिकोड या अक्षरांच्या प्रमाणात सारखी रूपं एक करायची एनएफसी सामान्यीकरण नावाची पद्धत आहे, पण तिनेही हे एक होत नाहीत. नोंद आत घेतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलणारा नियम स्वतः लिहावा लागतो.

शोध आठव्या आठवड्यात जोडला आणि पुन्हा तिथेच ठेच लागली. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधाच्या भागातला नेहमीचा शब्दविभाजक, युनिकोड६१, फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात जोडचिन्हं, म्हणून तो तिथे शब्द तोडतो. ‘टॉक’चे ट आणि क असे दोन तुकडे होतात. ‘टेक’चेही तेच. त्यामुळे ‘टॉक’ शोधलं की ‘टेक’ही समोर येतं, आणि शोध चालतोय असा भास होत राहतो. तक्ता तयार करताना विभाजकाच्या वर्गांच्या यादीत एमएन आणि एमसी हे जोडचिन्हांचे दोन वर्ग वाढवले की शब्द अखंड राहतात. दोन अक्षरी शब्दांच्या अशा जोड्या चाचणीत कायमच्या ठेवा.

कॅलेंडर हा या जागेचा सगळ्यात वापरला जाणारा भाग ठरेल, हे आधी वाटलं नव्हतं. वेळ साठवताना स्थानिक वेळ आणि कालक्षेत्राचं पूर्ण नाव, ‘युरोप/लंडन’ अशा रूपात, दोन्ही ठेवा. आयएसटी हे लघुरूप भारत, आयर्लंड आणि इस्रायल तिघेही वापरतात. पुढच्या कार्यक्रमाची वेळ नुसती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत ठेवली आणि मधल्या काळात एखाद्या देशाने घड्याळं पुढे-मागे करण्याचा नियम बदलला, तर कार्यक्रम तासाने सरकतो.

सदस्यांनी आपल्या फोनमध्ये जोडायची फाइल आयकॅलेंडर या कॅलेंडर-फाइलींच्या प्रमाणाच्या, म्हणजे आरएफसी ५५४५ च्या नियमांनी बनते. त्यात एक ओळ ७५ बाइटांपेक्षा लांब नसावी आणि लांब झाली तर मोडून पुढची ओळ एका रिकाम्या जागेने सुरू करावी, असं आहे. यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘समरी’ या शीर्षकाच्या खुणेचे, कोलन धरून, ८ बाइट वजा केले की मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं बसतात, म्हणजे बहुतेक मराठी शीर्षकं मोडतातच. बाइट मोजून आंधळेपणाने कापणारं कोड एखाद्या अक्षराच्या मधोमध सुरी चालवतं आणि काही फोनवर चौकोन दिसतात. कापायचं ते पूर्ण चिन्हाच्या सीमेवर. याहून मोठी चूक यूआयडीची, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाच्या ओळखक्रमांकाची, झाली. तो प्रत्येक बिल्डला नव्याने तयार होत होता, आणि आठवडाभरात सदस्यांच्या कॅलेंडरमध्ये त्याच मीटअपच्या सात-सात प्रती जमल्या. लोकांच्या फोनमध्ये आपण कचरा केला, ही भावना फार वाईट असते. यूआयडी कार्यक्रमाच्या कायमच्या ओळखीवरूनच काढा. वेळ बदलली तर सीक्वेन्सचा, म्हणजे नोंद कितव्यांदा बदलली तो, आकडा वाढवा. कार्यक्रम रद्द झाला तर नोंद पुसू नका, तिची स्थिती ‘रद्द’ करा. आणि कॅलेंडर ॲप फाइल पुन्हा कधी वाचेल हे त्यांच्या मर्जीवर असतं, कधी कित्येक तास जातात. ऐन वेळी बदललेल्या जागेची खबर निरोपानेच द्यावी लागते.

दिसण्यावर फार वेळ घातला नाही. तीस व्हिडिओंच्या पानावर तीस प्लेअर चढवले तर पान हलेना, म्हणून आधी फक्त चित्र आणि दाबल्यावर प्लेअर. सर्वांत मोठं चित्र, १२८० बाय ७२० चं, प्रत्येक व्हिडिओला नसतं. ४८० बाय ३६० चं घ्या आणि वरखालच्या काळ्या पट्ट्या सीएसएसने (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या नियमांनी) झाका.

सोळाव्या आठवड्यात पत्ता बदलण्याची तयारी केली. तीन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे हे इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचं तो काळ, ८६,४०० सेकंदांवरून ३०० वर आणला, म्हणजे काही बिघडलं तर मागे यायला पाच मिनिटं पुरतील. जुन्या साइटवरचे सगळे पत्ते सर्व्हरच्या लॉगमधून काढून ३०१ ने, म्हणजे कायमच्या वळणाने, नव्या पानांकडे वळवले. अठराव्या आठवड्यात साइट उघडली. पहिल्या दिवशीच्या बहुतेक सूचना नावांबद्दल होत्या, आणि प्रत्येक पानाखाली ‘ही नोंद दुरुस्त करा’ हा दुवा थेट त्या फाइलीवर नेत असल्यामुळे त्यातल्या पुष्कळ लोकांनी स्वतःच सुधारल्या.

देखभालीला आता महिन्याला चारेक तास लागतात. पैशांत सांगायचं तर डोमेनची वार्षिक फी आणि सगळ्यात लहान सर्व्हरचं भाडं. आठवड्यातून एकदा एक स्क्रिप्ट सगळे व्हिडिओ क्रमांक ५०-५० च्या गटांनी विचारते. पुसलेल्या किंवा खासगी केलेल्या व्हिडिओसाठी एपीआय चूक दाखवत नाही, उत्तरातून ती नोंद फक्त गायब असते. म्हणून पाठवलेले आणि परत आलेले क्रमांक ताडून बघावे लागतात. हे काम गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या वेळापत्रकावर टाकलं असेल तर सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसताना ते आपोआप बंद होतं. दोन कॉन्फरन्समधल्या शांत काळात नेमकं हेच होऊ शकतं, म्हणून स्क्रिप्टचा शेवटचा अहवाल कधी आला हे बघायला एका माणसाचं नाव ठरवून ठेवलं आहे.

सध्या उपशीर्षकांचं काम सुरू आहे. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं फंक्शनची आणि लायब्ररींची नावं हमखास चुकवतात. ४० मिनिटांचा टॉक सुधारायला साधारण तीन तास जातात. फाइल वेबव्हीटीटी या ब्राउझरच्या उपशीर्षकांच्या प्रकारात ठेवतो. पहिल्या ओळीत त्याचं नाव नसेल तर ब्राउझर काहीच दाखवत नाही, आणि एसआरटी या दुसऱ्या प्रकारावरून बदलताना मिलिसेकंदांआधीचा स्वल्पविराम पूर्णविराम करायला विसरलं तर ती ओळ गळते. तोच मजकूर शोधाच्या तक्त्यातही जातो. सुरुवात आवाज खराब असलेल्या टॉकपासून केली आहे, कारण त्यांना नुसतं ऐकून काही कळत नाही.